तिसरी पिन

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, संगीत विद्यालयाच्या माननीय प्राचार्या बाई; ज्यांच्या छपराखाली माझी सव्वीस वर्षं गेली ते आपल्या या बारचे मालक; व्यासपीठावर, म्हणजे याच आठ बाय बाराच्या स्टेजवर गुडघ्याला गुडघा लावून विराजमान झालेले सर्व मान्यवर; समोर बसलेले गायक, वादक आणि गायक-वादकांना वर्षानुवर्षं सहन करणारी त्यांची घरची माणसं; माझी भावजय, माझी पुतणी; आणि मागे दाराशी उभे असलेले गृहस्थ, ज्यांना मी स्वतः घरी जाऊन बोलावून आणलं आहे. सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक सांगतो. स्पीकरमधून बारीक 'घूं' असा आवाज येतो आहे. आमच्या नव्या साउंडवाल्या बाई मघापासून त्यापायी कावऱ्याबावऱ्या झाल्या आहेत. बाई, राहू द्या तो. आणि रेकॉर्डिंग चालू आहे ना? मान हलवलीत, म्हणजे आहे. ठीक.

मी बोलणारा माणूस नाही. माझं सगळं आयुष्य त्या कोपऱ्यातल्या टेबलामागे गेलं. मिक्सर समोर, हेडफोन कानावर, आणि स्टेजवरून एकच मागणी: 'मास्तर, माझा आवाज जरा वाढवा.' गाणारा म्हणतो वाढवा, गिटारवाला म्हणतो वाढवा. ड्रमवाल्याला माइकची गरजच नसते, तरी तोही म्हणतो वाढवा. सव्वीस वर्षांत 'माझा जरा कमी करा' म्हणणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्या दिवशी त्याचा घसा बसला होता.

तर माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही एकच शब्द वापरला, 'स्वच्छ'. मास्तरांचं रेकॉर्डिंग कसं, तर स्वच्छ. पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत, पुढे काही नाही, मागे काही नाही, मध्ये खरखर नाही, घूं नाही. मालक तर म्हणाले की इतक्या जुन्या इमारतीत, इतक्या जुन्या वायरिंगवर असा आवाज काढणं ही जादू आहे. मालक, जादू नाही हो. ती कशी करतात हे तुम्हाला ठाऊक असतं, तर तुम्ही मला तेव्हाच हाकलून दिलं असतं.

आता हे स्मृतिचिन्ह. मागे बसलेल्यांना दिसावं म्हणून वर धरतो. लाकडी पाटीवर बसवलेली पक्कड. माझीच आहे. लाल मुठीची. मालकांनी ती माझ्या डब्याच्या तळातून शोधून काढली, गंज घासून चकचकीत केली. फडक्यात गुंडाळलेली पाहून त्यांना वाटलं, मास्तरांचा जीव आहे हिच्यात, किती जपून ठेवलीय. आणि ती मला दिली कुणाच्या हातून? माझ्या भावजयीच्या. तिने हसून दिली, मी हात पुढे करून घेतली, फोटो निघाले.

माझा धाकटा भाऊ तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. खरं नाव घरच्यांपुरतं होतं, बाकी सगळे त्याला 'एकदोन' म्हणत. रोज संध्याकाळी साडेपाचला तो या स्टेजवर यायचा, गिटारी जुळवून ठेवायचा, आणि प्रत्येक माइकपाशी जाऊन 'एक, दोन... एक, दोन' म्हणायचा. मी टेबलामागून आवाज लावून घ्यायचो. तीन कधी म्हणायचा नाही. मी एकदा विचारलं, 'अरे, तीन आलं की काय बिघडतं?' तर म्हणाला, 'दादा, तीन म्हटलं की पळायचं असतं. मला कुठं पळायचंय?' पंधरा वर्षं हेच. कुठल्या पोस्टरवर त्याचं नाव नाही, टाळ्या वाजायच्या आधीच तो स्टेजवरून उतरलेला असायचा.

आणि त्याचा आवाज? मी रेकॉर्डिंग साडेपाचपासूनच लावायचो, पण बँडला देण्याआधी गाण्यापूर्वीचा पुढचा भाग कापून टाकायचो. स्वच्छ हवं ना! दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता पहिलं काम तेच. माझ्या भावाचं 'एक, दोन' मी रोज स्वतःच्या हातानं पुसत होतो.

तो गेला त्याला अकरा वर्षं झाली. याच जागी, मी उभा आहे तिथून हातभर डावीकडे, शॉक लागून. संध्याकाळचे पावणेसहा. खिडकीतून ऊन येत होतं.

महिन्याभरानं भावजय माझ्याकडे आली. सहा वर्षांच्या या पोरीचा हात धरून. म्हणाली, 'दादा, रोज माइकवर बोलायचे ते. कुठं ना कुठं आवाज राहिला असेलच की. हिला ऐकवायला पाहिजे, विसरेल ती.' मी तिच्या देखत सगळी रेकॉर्डिंग्ज काढली. दोन दिवस आम्ही ऐकत बसलो. सगळ्या गावाचे आवाज होते, ग्लास फुटल्याचा होता, कुणाच्या खोकल्याचाही होता. ह्याचा नव्हता. तिने पदराला डोळे पुसले आणि उलट माझीच समजूत घातली. 'तुम्ही तरी काय करणार, दादा, कामच तसं तुमचं.'

एक रेकॉर्डिंग मी त्या वेळी काढलं नाही. त्या संध्याकाळचं. त्या दिवशी बँड वाजलाच नाही, म्हणून पुढचा भाग कापायचा प्रश्न आला नाही. ते जसंच्या तसं आहे.

मालक, बसा. पाणी नको. मला बोलू द्या, एकदा थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही.

हे दाराशी उभे आहेत ना, ते वायरमन. बरेच जण ओळखतात, आणि अकरा वर्षं ओळख दाखवत नाहीत. या बारचं वायरिंग त्यांनी केलं होतं. भाऊ गेला, चौकशी झाली, अहवालात आलं: वायरिंगमधील दोष. यांचा परवाना गेला. पुढे कुणी घरचा पंखा लावायलाही बोलावेना. माझ्या भावजयीनं भर रस्त्यात यांना सांगितलं होतं, 'तुमच्या हातानं माझं घर बुडालं.' मी तिच्या शेजारी उभा होतो. भाजीची पिशवी होती माझ्या हातात.

कुणीतरी त्यांना खुर्ची द्या हो. नाही? बरं.

त्या वेळी गिटारच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून असाच घूं यायचा. रेकॉर्डिंगमध्ये बसायचा, जाता जायचा नाही. त्यावर आमच्या धंद्यात एक चोरटा उपाय आहे. प्लगला तीन पिना असतात. दोन पिनांवर यंत्र चालतं. तिसरी, जाडी, ती अर्थिंगची. ती मोडली की घूं गायब. यंत्राला काही कळत नाही, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. आत कुठं वीज भरकटली, तर तिला जमिनीत जायला वाट असावी, एवढ्यासाठीच ती पिन असते. रोज काही वीज भरकटत नाही. म्हणून मी ती मोडली. या पकडीनं. वायरमन तेव्हा इथंच बोर्डाचं काम करत होते. म्हणाले होते, 'मास्तर, तेवढं करू नका.' मी म्हटलं, 'तुमचं काम उजेडाचं, माझं आवाजाचं. ज्यानं त्यानं आपापलं बघावं.'

तीन महिने स्वच्छ रेकॉर्डिंग झालं. याच बाईंनी, अध्यक्षा बाई, तुम्हीच तेव्हा पाठ थोपटली होती माझी.

मग त्या संध्याकाळी त्या जुन्या यंत्राच्या आत कुठलीशी वायर झिजून पत्र्याला टेकली, आणि वीज गिटारच्या तारांत उतरली. पिन असती तर फ्यूज उडाला असता आणि मी चार शिव्या हासडल्या असत्या, संपलं असतं. भावानं गिटार हातात घेतली आणि माइकशी गेला. आमच्यात माइकचा झटका बसला की 'माइक चावतोय' म्हणतात. रेकॉर्डिंगवर तो म्हणतो, 'एक, दोन. एक, दोन. दादा, माइक चावतोय रे.' आणि मी टेबलावरच्या माइकमधून म्हणतो, 'मग तूही चाव त्याला.' ड्रमवाला हसतो. भाऊपण हसतो. म्हणतो, 'बरं,' आणि पुन्हा माइकपाशी येतो, 'एक...'

त्याला खाली आणलं, गाडी आली, सगळे गाडीमागे धावले. मी धावलो नाही. तुम्हाला वाटलं मास्तर कोसळले. मी इथं मागे राहून प्लग बदलला. चांगला, तीन पिनांचा लावला आणि मोडका खिशात घातला. मग धावलो. वायरमनांनी पिनेचं सांगितलंही, पण चौकशीला आलेल्यांना प्लग शाबूत दिसला, म्हणजे दोष भिंतीत असणार. बोर्ड उघडला, त्यात एक स्क्रू जरा सैल निघाला. तुमच्या घरचा बोर्ड उघडा, तुमच्याही निघेल.

हे सांगायला अकरा वर्षं का लागली? मला कुणी विचारलं नाही, हे खरं उत्तर आहे, आणि लाजिरवाणं आहे. निवृत्तीनंतरही मी सांगितलं नसतं. पण गेल्या मंगळवारी या नव्या बाईंनी मला विचारलं, 'मास्तर, पक्कड आहे का हो? ती तिसरी पिन मोडली की घूं जातो म्हणे. तुमचीच युक्ती ना ही?' माझीच. म्हणजे ती युक्ती माझ्या नावानं गावभर फिरते आहे. किती बारमध्ये, किती मांडवांत, देव जाणे. बाईंना दोन लेकरं आहेत, आणि माइक तपासताना त्या ओठाला लावतात. मी पाहिलंय.

काल सकाळी वीज निरीक्षकांच्या कचेरीत जाऊन मी लेखी जबाब दिला आहे. मोडका प्लग घरी कपाटात होता, तोही जोडला. पक्कडही द्यायची होती, ती डब्यात सापडेना. कुठं गेली होती ते आज कळलं. मालक, ही पाटी मी घरी नेणार नाही, कचेरीत देईन. तुम्ही मेहनतीनं घासलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

वायरमन, तुमचा परवाना परत मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. तिथला माणूस म्हणाला, वेळ लागेल. तुमची अकरा वर्षं तर कुणाच्याच कचेरीत नाहीत. 'मला कशाला बोलावता?' असं तुम्ही परवा विचारलंत. याकरता. सगळ्यांसमोर तुमचं नाव खराब झालं, ते मी तुमच्या कानात येऊन धुणार होतो का?

भावजय उठली आहे. तिला वाट द्या. मागचे, जरा पाय घ्या, तिला बाहेर... नाही. ती बाहेर चाललेली नाही. तिची खुर्ची उचलून घेऊन चालली आहे. दाराशी.

ठेवली खुर्ची. ते बसत नाहीत. तीही उभीच आहे, माझ्याकडे पाठ करून.

बरोबर आहे.

भाषणाच्या शेवटी सर्वांचे आभार मानायचे असतात, ते मानतो. अध्यक्षा बाईंचे, मालकांचे, ज्यांनी खुर्च्या मांडल्या त्यांचे, आणि हा घूं इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे. बोलण्याच्या ओघात शब्द इकडेतिकडे झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. तेवढंच घाला. बाकीच्याची क्षमा मी मागत नाही, कुणी देऊही नये. साउंडवाल्या बाई, आजच्या रेकॉर्डिंगची पहिली प्रत वायरमनांना द्या, आणि पुढचं-मागचं काही कापू नका.

आणि पोरी, तू. तू सतरा वर्षांची झालीस. बाबांचा आवाज आठवत नाही, असं तू मागे एकदा मला म्हणाली होतीस, मी विषय बदलला होता. टेबलावर पाकीट आहे, त्यावर तुझं नाव आहे. त्यात त्या संध्याकाळचा त्यांचा आवाज चाळीस सेकंद आहे. आईला विचारून, घरी बसून ऐक, नाहीतर ऐकू नकोस. त्यात शेवटी माझाही आवाज आहे. तो कापून देणं माझ्यासाठी दोन मिनिटांचं काम होतं. कापलेला नाही.

आभारी आहे.