खांबामागचं टेबल

—नाही हो साहेब, ‘आवडती ठिकाणं’ असं नका लिहू, त्यानं लोकांना वाटतं मी तिथे खिडकीत बसून गाणी रचतो. लिहा, ‘बेस गिटार वाजवणारे म्हातारे जिथे ठिय्या देतात त्या जागा’. आणि काय म्हणालात, संगीताचं शहर? हो तर! वेशीवर पाटीच लावलीय तशी. इथे डोळे मिटून दगड भिरकावला तर तो गिटारवाल्यालाच लागतो, आणि तो ओरडतो तेही बेसूर. तुमच्या मासिकाला पाच ठिकाणं हवीत ना, पाच देतो, सहावं फुकट — पण हे टेबल मगाशी होतं तिथेच बरं होतं. खांबामागे. फोटोला उजेड पाहिजे म्हणून तुम्ही ओढलंत पुढे, झाला ना फोटो? मग सरकवू परत. कॉफी झाल्यावर? बरं. किती वाजले? साडेतीन. चारपर्यंत हरकत नाही.

हां, बँड कुठले ऐकावेत. ‘तीन आणि अर्धा’ ऐका — आहेत चौघं, पण ड्रमवाला कार्यक्रम अर्धा झाल्यावर उगवतो, तोपर्यंत तिघं फार छान वाजवतात. मग ‘गंजलेली सायकल’. नऊ जण, आणि नऊच्या नऊ पुढारी. पाऊण तास साउंड चेक, वीस मिनिटं गाणी, उरलेला वेळ एकमेकांची ओळख करून देतात. गायक डोळे मिटून गातो, शहाणा आहे, उघडले तर रिकाम्या खुर्च्या दिसतील. आमचा बँड? आम्ही सत्तावीस वर्षं तीच अकरा गाणी वाजवतोय. लोक म्हणतात, काय एकोपा आहे तुमच्यात! कसला एकोपा, एकमेकांशी बोलतच नाही, भांडणार कधी? कीबोर्डवाल्याचं लग्न मोडलं ते मला चार वर्षांनी कळलं, तेही न्हाव्याकडून.

‘उपाशी मांजरं’? हे नाव कुणी घातलं तुमच्या कानावर? — असतील. चार मुली आहेत. मी ऐकलंय अशातला भाग नाही. दुसऱ्या गाण्यात मधेच सगळ्या थांबतात, आठ ठोके नुसती शांतता, आणि मग ती बेसवाली एकटी आत शिरते — गेल्या मंगळवारपर्यंत जरा लवकर शिरायची, आता बरोबर... म्हटलं ना, कानावर येतं. गाव केवढं ते!

तुम्ही ठिकाणं लिहा. पहिलं, लाँड्री. हो, कपडे धुण्याची, वळणावरची. तिच्या तळघरात सरावाची खोली आहे, वर यंत्रं घरघरतात आणि खाली ड्रमवाले नकळत त्यांचा वेग पकडतात — वर कपडे पिळायला लागले की खाली गाणं सुसाट सुटतं. इथले निम्मे बँड घाईत का वाजवतात? त्यामुळे वाजवतात! मी दर मंगळवारी जातो. कपडे घेऊन. आता घरात माणसं दोन, मी आणि बायको, कपडे निघणार किती? तिसऱ्या मंगळवारीच संपले. मग धुतलेलेच परत धुतो. बायको म्हणते, त्या निळ्या सदऱ्याचा रंग गेला, आता सदराही जाईल. पण भिंतीलगत जमिनीला एक जाळी आहे, तिच्याशेजारच्या बाकावर बसलं की खालचा बेस सुटासुटा ऐकू येतो — हसताय काय? माणसानं स्वच्छ राहू नये?

दुसरं, वाद्यं दुरुस्त करणारा मिस्त्री, पुलाच्या तोंडाशी. त्याच्या दुकानात एक बाक आहे, त्यावर शहरातले थोर कलावंत बसून, जो नुकताच उठून गेला त्याची निंदा करतात, म्हणून सगळ्यात शेवटी उठायचं असतं. मिस्त्री कुठलंही काम सहा महिन्यांनी देतो. माझं एक मात्र त्यानं तासाभरात केलं. म्हणजे माझं नाही, एक गिटार आली होती त्याच्याकडे पुसायला, तिच्या जाड तारेची खुंटी ढिली होती, वाजवता वाजवता घसरायची आणि तार उतरायची. मी त्याला म्हटलं, नवी बसव, जगबुडी आली तरी आपोआप उतरता कामा नये, आणि तिला सांग, फक्त तेल घातलंय. कुणाला म्हणजे? जिची गिटार तिला! आणि तिसरं हे, हा कॅफे, कॉफी म्हणजे गरम पाणीच, पण गुरुवारी दुपारी चारला इथे साउंड चेक असतो आणि त्या खांबामागनं स्टेज दिसतं. स्टेजवरून तो खांबच दिसतो.

असं बघू नका हो माझ्याकडे. पेन ठेवा खाली. माझी मुलगी आहे ती बेसवाली. झालं समाधान?

दोन वर्षं बोलत नाही माझ्याशी. का म्हणजे — तुम्हीच सांगा, चूक कुणाची. तिचा पहिलावहिला कार्यक्रम, हॉल भरलेला, मी पुढच्या रांगेत, आणि दुसऱ्या गाण्यात तिची जाड तार उतरली. ऐकवेना साहेब! तुमचं मूल भर रस्त्यात धडपडलं तर तुम्ही विचार करत बसता? मी उठलो, चढलो स्टेजवर, ती वाजवत असतानाच हात घातला आणि फिरवली खुंटी. आली सुरात. लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि मी — मी वाकून नमस्कार केला हो लोकांना. तिच्या स्टेजवर. तिनं उरलेली गाणी वाजवली, घरी आली, कपडे भरले आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. दारात एवढंच म्हणाली, बाबा, तार उतरलेली मला ऐकू येत होती.

ते आठ ठोके सांगितले ना तुम्हाला? त्यातच ती खुंटी फिरवणार होती. मला काय माहीत! मी त्याच्या चार ठोके आधी पोचलो. तीस वर्षं वाजवतोय, सगळ्या गावाला शिकवतो, कधी शिरायचं, कधी थांबायचं.

आता तिची आई भेटते तिला, माझा विषय निघाला की पोरगी उठते. म्हणून हे खांब नि जाळ्या. दुसरं काय हातात आहे माझ्या? इथल्या मालकानं एकाच बोलीवर बसू दिलंय — तिला दिसायचं नाही. दिसलो तर ती इथे वाजवणं बंद करेल, मग गुरुवारही गेला. धुवायला तरी किती धुवायचं माणसानं! म्हणून म्हणतो, उचला तो कप, टेबल घेऊ मागे — 

दार वाजलं का? चार कुठे वाजलेत? पावणेचार! आज लवकर कशा उलथल्या या — वळू नका. नका वळू, म्हटलं ना! कप राहू दे, आता हललो तर जास्त दिसेल. ड्रमवाली आली... आणि ही. केस कापलेत तिनं. पाहिलं. पाहिलं तिनं मला. गेला, साहेब, तुमच्या फोटोपायी गुरुवार गेला माझा!

थांबा. गिटार काढतेय. जात नाहीये. जोडली... हां, सुरात आहे, चारही तारा, अगदी स्वच्छ. अरे, मग खुंटीला कशाला हात? जाड तारेच्या... उतरली. आणखी उतरवली. दुसरं गाणं धरलंय, आणि तसंच वाजवतेय, इकडे बघत, सरळ माझ्याकडे. साहेब, ती खुंटी आपोआप घसरत नाही, नवी आहे, मी बसवून घेतलीय — तार हातानं उतरवलीय तिनं. कळतंय का तुम्हाला? मी उठतो का बघतेय कार्टी. दात आंबले माझे, पण नाही उठणार, ही बघा खुर्ची धरलीय दोन्ही हातांनी. आले, ते आठ ठोके आलेच आता — तुम्ही उठा. संपली मुलाखत, उरलेली ठिकाणं मनानं लिहा. नको, टेबलाला हात नका लावू, असू दे इथेच. फक्त बाजूला व्हा हो, तुमच्या डोक्याआड होतोय मी — तिला दिसू दे, मी बसलोय.