चवीची फोड

— नाही नाही, थांब जरा, ती चिठ्ठी परत दे इकडे. दोन याद्या आहेत ना या? वरची नवऱ्याची, खालची तुझी. वरच्या यादीत केळी, बटाटे, रताळी, मटार — ‘स्नायूंसाठी’. खालच्या यादीत काकडी, कोबी, पालक, पुन्हा काकडी — ‘चरबीसाठी’. आणि अक्षर दोन्हीकडे एकच, त्याचंच! लग्नाला किती झाले गं, दोन महिने? दोन महिन्यांत त्याला तुझी चरबी सापडलीसुद्धा? कुठे आहे? मी चष्मा लावून बघतेय, मला तर नाही दिसत. हसू नकोस, तू हसलीस की मलाही येतं, आणि आज मला सकाळपासून उगीचच हसू फुटतंय — मघाशी एका आजोबांनी दुधी मागितला, मी पपई तोलून दिली, आणि ते बिचारे मुकाट्याने घेऊनही गेले.

ये, आत ये, त्या खोक्यावर बस. मला सगळं तोंडपाठ आहे, विचार काहीही. समोर पहिल्या मजल्यावर ती व्यायामशाळा झाली ना, तेव्हापासून निम्मी गिऱ्हाइकं घाम पुसतच येतात आणि विचारतात, मावशी, यात कार्ब किती? आधी मला वाटायचं कीड किती म्हणून विचारतायत. मग शिकले. शंभर ग्रॅम केळ्यात तेवीस, बटाट्यात सतरा, द्राक्षांत तेवढेच, कलिंगडात आठ, काकडीत चार सुद्धा नाहीत. काकडी म्हणजे काय, पाण्याने घातलेला हिरवा सदरा. ती दिवसभर खाऊन बघ, संध्याकाळी भिंतीशी भांडशील. मी सांगते ना, बघितलंय मी ते घरात. आमच्या ह्यांच्यावर मीच केलाय तो प्रयोग — आणि चुकला.

कुणाला सांगू नकोस हं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, निदान तुझ्या तरी भिजू दे. आमचे हे लग्नाआधी वजनं उचलायचे, स्पर्धांतून. मग सासरे गेले, दुकान अंगावर पडलं, आणि वजनं म्हणजे कांद्याची पोती एवढंच राहिलं. अठरा वर्षं. आणि या समोरच्यांनी स्पर्धेचा फलक लावला, तर हे त्याच्यापुढे उभे राहून राहून चहा गार करायला लागले. मीच म्हटलं, घाला नाव. पंचाहत्तर किलोच्या आतला गट, आणि हे ब्याऐंशी! सहा आठवडे हातात. मी म्हटलं, सोपं आहे, भात कमी, बटाटा बंद, ताटात सगळं तोलून. घरात तराजूला काय तोटा? रात्री डागी फळं उरतात, टाकवत नाहीत, तीही बंद केली. तीन आठवडे झाले, काटा ढिम्म हलेना! मी म्हटलं, चोरून खाताय. हे म्हणाले, शपथ घेतो कशाचीही. दोन दिवस अबोला.

आणि मग एका सकाळी मी इथेच बसले होते, जिथे तू आहेस, शेंगा निवडत — आणि दिसलं मला. आमच्या धंद्यात एक रीत आहे, चवीची फोड. गिऱ्हाईक घुटमळलं की सुरी घ्यायची, फोड कापायची, पुढे करायची. पण नुसती पुढे केली तर माणसाला संशय येतो. म्हणून एक त्याला आणि एक आपल्याला, आपली आधी, आणि डोळे मिटून, ‘अहाहा’ म्हणत. ते खाणं नव्हेच गं आमच्या हिशेबी, ते काम! साठ गिऱ्हाइकं, साठ फोडी, दीड किलो फळ रोज — सात-आठ केळ्यांइतके कार्ब, आणि माणूस शपथेवर सांगतोय मी काही खाल्लं नाही! दोघंही खरे. मी हसून हसून शेंगांची पाटी उलटी केली.

मग सुरी मी घेतली हातात. फोडी मी खायच्या, आणि यांनी दंड स्पर्धेसाठी राखायचे म्हणून खोकी-पोतीही मीच उचलायची. बघता बघता यांचा काटा उतरला — अठ्ठ्याहत्तर, शहात्तर, चौऱ्याहत्तर. मला काय आनंद! आणखी कमी केलं. गाजरसुद्धा मोजून द्यायचे. गालाची हाडं वर आली, रात्री आठला झोपायला लागले, मला वाटलं, बघा, किती शिस्त आली. आणि काल स्पर्धा झाली. वजन बसलं गटात, आणि साठ किलोच्या दांडीपुढे उभे राहिले — गुडघ्यापर्यंत आली, आणि पाय लटपटायला लागले. तीन वेळा. तिन्ही वेळा खाली. चरबी गेली, ताकदही गेली. जळायलाच काही ठेवलं नव्हतं मी आत. घरी आले आणि म्हणाले, छान झालं हो, गटात तर बसलो. एवढंच. त्यांनी मला बोल लावला असता ना, तर बरं वाटलं असतं.

नाही, रडत नाहीये, कांदे आहेत इथे. ऐक तर पुढचं, हसण्यासारखं आहे. गेल्या गुरुवारी मागच्या खोलीत यांनी सरावाची दांडी ठेवली होती, पन्नास किलोची, आणि गेले आंघोळीला. मला तिच्याखाली झाडू मारायचा होता. खरंच गं, झाडूच! म्हटलं, जरा उचलून बाजूला ठेवू. वाकले — आणि आली. छातीपर्यंत आली. मी म्हटलं, आली आहेस तर आता वरही जा. गेली! मी उभी, डोक्यावर पन्नास किलो, कमरेला झाडू खोचलेला, आणि आत नळ चालू. हे बघ, दाब हा दंड. दाब की! लाजतेस काय. ब्लाउजच्या बाह्या उसवून घेतल्यात मी. रोज दीड किलो फळ आणि रोज चाळीस खोकी, त्याचं हे झालंय. यांना जे हवं होतं ते मला मिळालं, न मागता.

समोरच्या ताई, त्या व्यायामशाळेत शिकवणाऱ्या, केळी न्यायला येतात, त्यांनी मला कलिंगडाचं खोकं फिरवताना बघितलं होतं. आज बायकांची स्पर्धा आहे. त्यांनी नाव घातलंय माझं. म्हणजे — त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. पावणेअकराला वजन आहे, किती वाजले? साडेदहा? आणि यांना ठाऊकच नाही. मोठ्या बाजारात गेलेत माल आणायला. काल जो माणूस तिथून रिकाम्या हाताने उतरला, त्याच्या बायकोने आज त्याच जिन्याने चढायचं? त्यांच्या अठरा वर्षांवर मी पाय देऊन जायचं? नाही जात मी. मघापासून तेच ठरवतेय, आणि ठरलं की पुन्हा हसू येतंय, कारण जायचंय गं मला! एवढं काही करावंसं मला — काय झालं? अशी काय बघतेस? माझ्या मागे?

अगंबाई.

अहो — कधी आलात? मागच्या दाराने? टेम्पो एवढ्यात भरला? — किती ऐकलंत? — झाडूसुद्धा? — हे बघा, मी नाव काढून घेते, आत्ता जाऊन सांगते ताईंना, मला काही हौस — हे काय? तुमचा वजनं उचलायचा पट्टा? अहो, हा माझ्या कमरेला कसा — अहो, गिऱ्हाईक बसलंय समोर! — घट्ट? आणखी? श्वास कुठून घेऊ मी? — बरं. बरं, ओढलं पोट. — पहिल्या खेपेला किती किलो मागू? पंचेचाळीस? आणि मग? — बरं. — आणि तुम्ही? काही खाल्लं नाहीत ना सकाळपासून? — बरं, नाही बोलत. — काय म्हणता? दुकान? आत्ता, भर साडेदहाला?

ऐकलंस ना, बाळ? बंद म्हणतायत. ऊठ त्या खोक्यावरून. दोघांनाही एकच यादी कर घरी जाऊन — नाही, आता नाही तोलत काही. नीघ.