लाल टोकाची सळई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ठेकेदारसाहेब, आमचे खरेदी व्यवस्थापक, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आत्तापर्यंत माझं इतकं कौतुक झालं की मग मला जाऊ का देताय, असा प्रश्न पडला. ठेकेदारसाहेब मला 'कर्तव्यकठोर' म्हणाले. एरवी 'खडूस म्हातारा' म्हणतात. तेही प्रेमानेच, अशी माझी समजूत आहे.

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेत सळया वाकवल्या. सळई वाकवायची आणि बाकाच्या बाहेरच्या अंगाला चीर गेली का, ते बघायचं. एवढ्यासाठी पगार कशाला देतात, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून उमगलेलं नाही.

गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या खांबांसाठी नकाशात 'पाचशे डी' प्रतीची सळई लिहिलेली असताना आली साधी 'साडेपाचशे'. व्यवस्थापक म्हणाले, "अहो काका, आकडा मोठा, म्हणजे माल भारीच की!" केवढी ही गुणग्राहकता! आता भूकंपाला आकडे वाचता येत नाहीत, त्याला कोण काय करणार? त्याच्यापुढे टिकते ती ताणली जाणारी सळई. ती वाकते, पण तुटायला वेळ लावते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाळंतीण बाळाला घेऊन खाली उतरते. 'डी' म्हणजे तेवढा वेळ, साहेब.

मी त्या सळयांच्या टोकांना लाल रंग फासला आणि माल नापास केला. "गेला हो सगळा कारखान्यात परत," असं मला सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला. लाज वाटते, पण ठेवला.

आणि आज हे देखणं स्मृतिचिन्ह! अर्धगोल वाकवलेली सळई, तिला रुपेरी रंगाचा हात दिलेला, खाली लाकडी पाटी. थांबा, चष्मा लावू द्या. सवय जात नाही हो. ही बघा, बाकाच्या बाहेरच्या अंगाला चीर. नख अडकतंय. आणि टोकाचा रुपेरी रंग खरवडला की खाली माझाच लाल.

म्हणजे माल परत गेलेलाच नाही, बांधकामावरच आहे. आणि उद्या सकाळी तळमजल्याच्या खांबांत काँक्रीट पडणार आहे. ठेकेदारसाहेब, उठताय कशाला? बसा, पाणी घ्या.

मी साडेपाचला निवृत्त होतो. आत्ता पाचला दहा कमी आहेत. म्हणजे अजून चाळीस मिनिटं माझी सही चालते. काम थांबवण्याचा आदेश मी तुमच्याच निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहिलाय. अध्यक्ष महोदय, पोच म्हणून इथे सही करा. पेन आहे माझ्याकडे.

इतकी उपयोगी भेट दिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घाला. ही सळई मात्र खांबाच्या पोटात जाणार नाही.