छत्री म्हणायचं राहिलं

— नाही गं, चुकलीस असं नाही म्हणत मी, यागोदा, पण घाई केलीस. मी म्हटलं, हल्ली सकाळी उठवतच नाही, आणि तू लगेच — उद्या बरं वाटेल हो. तुला काय माहीत? फोनवरची बाई तिथंच मिटते. हो, वाटेल म्हणते, आभार मानते, ठेवून देते — आणि अशी गोड आभार मानणारी माणसंच जपायची असतात. जरा गप्प राहायचं. तुझा श्वास ऐकू दे तिला. मग विचारायचं, सरळ — जीव द्यायचा विचार येतो का मनात? घाबरलीस ना? सगळेच घाबरतात. वाटतं, विचारलं तर आपणच तिच्या डोक्यात भरवून देऊ. तसं काही नसतं पोरी. असेल तर ते आधीपासूनच असतं तिथं, कुणी विचारत नाही म्हणून आत कुजत बसतं. विचारलं की माणूस जरा मोकळा होतो.

फोन ठेव आता आणि मधला पडदा सरकव, तोंड दिसू दे तुझं. हा खसखशीचा केक घे. मारेक चहा आणायला गेलाय म्हणजे लवकर येत नाही — शिकवतो छान, पण खाली गेला की गप्पांत रमतो. त्यानंच मला बोलावलं, या हेल्पलाइनवर येणाऱ्या नव्या लोकांचा सराव घ्यायला. इथं लुब्लिनमध्ये बाहुल्यांच्या नाटकात जन्म गेला माझा. कोल्हे केले, राजकन्या केल्या, चेटकिणी तर विचारूच नकोस — पण तोंड कुणी पाहिलं नाही, नुसता आवाज. मग फोनवरची दुःखी बाई मला काय जड? मारेक एवढंच सांगतो — यानिना, विधवा, मुलगा परदेशात. बाकीचं मी भरते. भरते म्हणजे — येतं आपोआप. हल्ली ती घरीही येते, ही यानिना. भांडी घासताना माझ्या मागं उभी राहून बोलते. काझिकच्या खुर्चीत बसते, माझा नवरा गेल्यापासून त्या खुर्चीत मीसुद्धा बसले नव्हते, आणि ही खुशाल बसते. ऊठ म्हणायला हवं, मी म्हणत नाही. भीती वाटते मला तिची. हसू नकोस. — हसत नाहीयेस? बरं.

काय? कुठल्या कुंड्या? हां, त्या. मघाशी म्हटलं मी, जिरेनियमच्या कुंड्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. यानिना म्हणाली. मारेकनं नसेल सांगितलं, मीच घातलं — असं बारीकसारीक घातलं नाही तर खोटं वाटतं. दोन खालच्या बाईंना, बाकीच्या समोरच्यांना. बाल्कनी रिकामी झाली ना की घरात इतका उजेड येतो, नकोसा होतो — यानिनाच्या घरात, यानिनाच्या. मांजर? मांजराचं कुठं बोलले मी? बोलले? बहिणीकडं दिलंय, मजेत आहे.

फार टिपून घेतेस गं तू. मारेकनं नाही टिपलं. मी रडले की इथं सगळे म्हणतात, वा बोगुमिलाबाई, काय रडता तुम्ही! मागच्या वेळी टाळ्या वाजवल्या. आवडतात मला टाळ्या, खोटं कशाला बोलू. ट्राममध्ये बसेपर्यंत कानात असतात.

आता काय? हो गं, नियम माहीत आहे मला. सराव संपला की मी ‘छत्री’ म्हणायचं, म्हणजे यानिना गेली, बोगुमिला परत आली, सगळ्यांनी सैल व्हायचं. म्हटलं असेल की. नाही? आज म्हटलंच नाही? मग हे आत्ता म्हटलं — नियम सांगताना म्हटलेलं धरायचं नाही? वकील आहेस का? विसरले असेन, वय झालं. त्यात काय, आत्ता म्हणते. एक शब्द तर आहे.

थांब, म्हणते ना. खसखस अडकलीय घशात.

तू फोन खाली ठेवलाच नाहीस अजून. मी सांगूनही नाही ठेवलास.

असू दे. नको ठेवूस. पडदा ओढ परत, माझं तोंड नको दिसायला. — हं. आता विचार. असं आडून नाही, सरळ, मी शिकवलं तसं.

हो.