सोडायला मागितलेला नळ

आमचा भोईवाडा दासगावच्या अलीकडं, सावित्री नदीला इतका लागून की भरतीचं पाणी पायरीला येतं. माझा जन्म तिथलाच आणि लग्नही तिथंच झालं, चार घरं सोडून, त्यामुळं सासर-माहेर वेगळं असतं ते मला ऐकूनच ठाऊक. नवरा मुंबईला हॉटेलात कामाला गेला आणि तिकडंच दुसरं बिऱ्हाड केलं, ते जाऊ दे, त्याचं नाव मी काढत नाय. सासरा जाळं टाकायचा आणि मी पाटी डोक्यावर घेऊन महाडच्या बाजारात. पहिली काही वर्षं गटाराच्या कडेला बसले, मग भांडून भांडून छपराखाली जागा मिळवली, आणि सही करायला शिकले ती पण तिथंच, गिऱ्हाईक नसलं की रद्दी पेपराच्या कडेवर. मला कोणी काय दिलं नाय, जे हाय ते मी मिळवलं, हे तेवढं लिहा.

तर महाडच्या केमिकल कंपनीचा सांडपाण्याचा पाइप. तो आधी वरच्या आळीच्या शेतांच्या कडेनं जायचा होता, खुणेचे दगडपण लावले होते. पण ती जमीनवाली माणसं, त्यांचं पंचायतीत वजन, एका आठवड्यात दगड उपटले आणि आमच्या धक्क्यावर आणून लावले. मी त्या मोजणीवाल्याला विचारलं, आमच्याच दारात का रे, तर म्हणतो, मावशी, तुम्हा भोयांना काय त्रास, तुम्ही पाण्यातलीच माणसं. मी त्याला काय बोलले ते लिहू नका.

मग पाइप नदीत सुटला, आणि काय सांगू तुम्हाला, ओहोटी लागली की पाणी चहासारखं दिसायचं, बोयटं, म्हणजे आमच्या खाडीतली मच्छी, पांढरं पोट वर करून कडेला यायची, सासऱ्याच्या नडग्या खाजून खाजून चिघळल्या, वाड्यातली विहीर पण वास मारायला लागली. बाजारात गिऱ्हाईक मासा हातात घेऊन आधी हुंगायचं, मग विचारायचं, नदीची हाय का, हाय म्हटलं की खाली ठेवायचं. अर्ज केले, किती केले ते विचारू नका. शेवटी मी वाड्यातल्या बायकांना म्हटलं, कागद नको, मालच दाखवू. मेलेली बोयटं पाटीत भरली आणि कंपनीच्या गेटवर केळीच्या पानावर वाटे लावून बसलो. वॉचमन म्हणाला, मावशी, इथं मच्छी विकायची नाय. मी म्हटलं, विकतंय कोण, फुकट हाय, तुझ्या साहेबाला सांग, तुमचाच माल तुम्हाला आणलाय. तीन दिवस बसलो. त्या वासानं गाड्या आत जाईनात, तेव्हा साहेबानं आत बोलावलं.

आता इथं माझी चूक, ती मी लपवत नाय. बाजारात सौदा करताना खरी गोष्ट एकटी कधी मागायची नाय. सोबत दोन-तीन जास्तीच्या मागायच्या, मग त्या एकेक सोडायच्या, समोरच्याला वाटतं आपण जिंकलो आणि तो खरी गोष्ट देऊन टाकतो. माझं सगळं आयुष्य ह्याच्यावर चाललं. म्हणून मी चार मागण्या सांगितल्या. पाइप नदीतून काढा, ही खरी. वाड्याला नळ द्या, डॉक्टर पाठवा, दोन पोरांना कामाला घ्या, ह्या सोडायच्या. साहेब तरणा होता, गोड बोलायचा, मला काकी म्हणायचा. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, काकी, नळ दिला, डॉक्टर दिला, पोरं पण घेतो, पाइपाचं माझ्या हातात नाय, ते वर कळवतो. चारातल्या तीन, घासाघीस न करता. बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या, आमची शेजारीण सुनंदा कानात म्हणाली, आत्या, तू तर बाजार मारलास. साहेबानं कागद पुढं केला, मी सही केली. अक्षर चांगलं आलं होतं.

पुढं प्रदूषणवाल्यांची सुनावणी लागली तेव्हा कंपनीनं तोच कागद काढला. त्यात लिहिलेलं, तक्रारीचं निवारण झालं, ग्रामस्थ समाधानी हायत. मी उठून ओरडले, टेबलावर हात आपटला, बांगड्या फुटल्या. अधिकारी शांतपणं म्हणाला, बाई, सही तुमचीच ना. माझीच होती. मी खाली बसले, आणि तेव्हापासून माझा राग कुठं गेला ते मला सापडत नाय. आधी मी भांडायला उठायचे, आता नुसती उठते.

डॉक्टर दोनदा आला. पोरांना सहा महिन्यांनी काढलं. नळ मात्र चालू हाय, रोज सकाळी तासभर. सासरा गेला त्याला दोन पावसाळे झाले, जाळं पडवीत टांगलेलं हाय. मी अजून बाजारात बसते, पण बर्फातली समुद्राची मच्छी घेऊन, जी टेम्पोतून येते.

मागच्या महिन्यात महाडचा एक वकील आला, चांगला माणूस, फी नको म्हणाला. त्यानं सांगितलं, तक्रार परत उघडता येईल, पण सगळ्या वाड्यानं लिहून द्यायचं की तो समझोता आम्हाला मान्य नाय, आणि कंपनीचा नळ परत करायचा. समाजमंदिरात बसलो. सुनंदा म्हणाली, आत्या, तुला नदी पायजे ते बरोबर हाय गो, पण माझ्या घरात दोन बारकी पोरं हायत, मी त्यांना काय पाजू. मी वकिलाला म्हटलं, दादा, तुम्ही चहा घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पण हंडा घेऊन लायनीत उभी राहिले. सुनंदानं मला पुढं घेतलं. पोरं तिची सुखात राहोत. पाणी गोड हाय, खोटं कशाला बोलू.