दमाचा मसाला

छातीच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. नामस्मरणात डोळे मिटून बसलेल्या बाईंच्या कानात मागच्या बाकावरचं नवराबायकोचं बोलणं शिरतच होतं.

"आत गेल्यावर खरं सांगायचं हं. शोभेची दारू चाळताना खोकल्याची उबळ येते म्हणून."

"सांगितलं की बंद करायला लावतील."

"लावू देत. हौस म्हणे! जिना चढताना धाप लागते ती?"

"अगं, बाण वर जाणं सोपं असतं. वर गेल्यावर लगेच न फुटता त्यानं थांबायला हवं. त्यासाठी हळू जळणारा मसाला जमवावा लागतो. मी त्याला दमाचा मसाला म्हणतो."

"त्याला दम, आणि तुम्हाला दमा."

"तो थांबतो तेव्हा तू काय करतेस, माहीत आहे? माझा हात धरतेस."

"फुसका निघाला की काय, असं वाटतं म्हणून. चारचौघांत तुमचं हसं व्हायला नको."

"आणि फुटला की सोडतेस."

"मग काय, धरूनच बसू?"

"म्हणून तर दरवर्षी मसाला जरा अजून मंद करत गेलो."

बाईंचं नामस्मरण थांबलं.

"इतकी वर्षं सरळ सांगता नाही आलं? द्या तो हात इकडे."

"लोक बघताहेत."

"बघू देत."

तेवढ्यात आतून हाक आली. दोघं गेली, दार अर्धवटच लागलं.

"डॉक्टर, एक खरं सांगतो. मला दारूचा नाद आहे."

"रोज किती घेता?"

"अहो डॉक्टर, पिण्याची नव्हे, उडवायची! आणि तुम्ही सांगा हो नीट, चाळताना काय होतं ते."