हेल्वेच्या घरचा बॅकअप

विर्त्सूच्या धक्क्यावर लेइदा बोटीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोघीजणी लॅपटॉपवर वाकल्या होत्या.

"हेल्वे, लॉगिन होतंय गं, पण फायलींची यादीच येत नाही."

"पॅसिव्ह मोड लाव, मारिका. नाहीतर फायली द्यायला माझं घरचं मशीन उलट तुझ्याकडे येतं, आणि इथलं वायफाय त्याला आत घेत नाही."

"लावला... अगं, आली! आपल्या म्हाताऱ्यांची रेकॉर्ड केलेली सगळी गाणी आहेत!"

"आधी उतरवून घे, मग रड."

"मंडळाची वेबसाइट उडाली तेव्हा वाटलं, संपलं सगळं. बॅकअप जायचा तुझ्या घरी, आणि तू तर भांडून गायनमंडळ सोडलंस."

"मी सोडलं. मशीनने कुठे सोडलं?"

"ही तर गेल्याच आठवड्यातली फाइल! चालू ठेवलंस?"

"डिस्क भरली तेव्हा माझे स्पेनचे फोटो काढून टाकले."

"हेल्वे!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"मंगळवारी तालमीला ये ना."

"खालच्या पट्टीत कोण गातं सध्या?"

"आयनो."

"अरे देवा! मग यायलाच हवं."

लेइदाला हसू आवरेना. तिने घाईघाईने कॉफीचा कप तोंडाला लावला.